बधिर बोटांचा रेस रिपोर्ट

‘रेस रिपोर्ट’ हा साहित्यप्रकार आहे असं म्हटलं तर इथले काही वाचक भुवया उंचावतील. पण गेली तीन-चार वर्षं मी कथा-कवितांपेक्षा रेस रिपोर्टच जास्त वाचलेत, आणि ज्या मजकुराचा साचा इतका पक्का झालाय त्याची समीक्षा व्हायला हरकत नाही. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं, बहुतेक ठिकाणी सतरा तासांची मुदत. वृत्तान्ताची सुरुवात पहाटे तीनच्या गजराने होते, मध्ये कुठेतरी ‘आता संपलं’ असा एक परिच्छेद येतो, शेवटी अंतिम रेषा आणि रडू. मराठीत लिहिणारे त्यात बाप्पाचा जयजयकार आणि आईचा फोन घालतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही; फोन मीही केला असता.

तक्रार थंडीबद्दल आहे.

उदाहरण म्हणून लेक टाहोची शर्यत घेऊ. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचं हे तळं समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ऐंशी टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच हिशेबाने कमी. २२ सप्टेंबर २०१३ला तिथे पहिली आयर्नमॅन झाली. आदल्या दिवशी पाऊस, वरच्या डोंगरांवर बर्फ. शर्यतीच्या सकाळी तापमान शून्याच्या आसपास आणि सायकलींवर दव गोठलेलं. त्या दिवसाबद्दल पुष्कळांनी लिहिलं, आणि जवळपास सगळ्यांच्या लिखाणात तळ्यावरून उठणारी वाफ आहे. ती असणारच, कारण पाणी हवेपेक्षा खूप उबदार होतं, पंधरा-सोळा अंश. म्हणजे बर्फाळ पाण्याशी झुंज वगैरे जे आपण वाचायला बसतो ते तिथे घडलंच नाही. पोहणं हा त्या सकाळचा त्यातल्या त्यात ऊबदार भाग होता. खरी पंचाईत बाहेर आल्यावर: ओलं अंग, गोठवणारी हवा, कपडे बदलायच्या तंबूत खचाखच गर्दी, आणि पुढे सायकलवर वारा. ब्रॉकवे समिटच्या चढावर माणूस घामाने भिजतो आणि उतारावर त्याच घामाने गारठतो.

आता या ठिकाणी लिहिणारा काय करतो? त्याचं गद्य एकदम स्वच्छ होतं. विचार टोकदार, निरीक्षण बारीक, एखादं जीवनविषयक सूत्रही सुचलेलं. मला हेच पटत नाही. थंडी आधी बोटं नेते. चेन लागत नाही, बाटलीचं झाकण उघडत नाही, ब्रेक दाबला गेलाय की नाही ते कळत नाही. शरीर आणखी गार पडलं की जीभ जड होते, निर्णय चुकू लागतात, आणि ते चुकताहेत हेही लक्षात येत नाही. म्हणजे ज्या क्षणाचं वर्णन सर्वांत ठसठशीत, त्याच क्षणी निवेदकाची शुद्ध सर्वांत कमी भरवशाची. तो परिच्छेद हॉटेलात, रजईत, गरम सूप पिऊन झाल्यावर सुचलेला असतो. त्यालाही हरकत नाही, आठवणी अशाच लिहिल्या जातात. फक्त तो ‘तेव्हा मला वाटलं’ म्हणून खपवला जातो.

माझ्या धंद्यात सर्व्हर कोसळला की घटनेचा अहवाल लिहावा लागतो. तेव्हा काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं, हे दोन रकाने वेगळे ठेवायचे असतात. वृत्तान्त लिहिणारे, त्यांत माझ्यासारखे इंजिनिअर भरपूर, घड्याळातले नाडीचे ठोके दशांशापर्यंत देतात आणि हे दोन रकाने मात्र बेधडक एक करतात.

मग साक्षीदार कोण? नॉर्वेतल्या नॉर्समनमध्ये तो नियमातच आहे. २००३पासून चालणाऱ्या या शर्यतीत पहाटेच्या अंधारात फेरीबोटीतून फ्योर्डमध्ये उडी मारायची, हार्डांगरविड्डाचं पठार सायकलने ओलांडायचं आणि सुमारे १,८५० मीटरवर, गाउस्टाटोपनच्या माथ्यावर, शर्यत संपवायची. खाणंपिणं, कोरडे कपडे, सगळं तुमच्या माणसाने गाडीतून आणायचं. शेवटच्या चढावर तर तो पाठीला पिशवी लावून सोबत चालतो. माथ्यावर पहिल्या १६० जणांनाच जाता येतं, त्यांना काळा टी-शर्ट. बाकीच्यांची शर्यत खाली संपते, त्यांना पांढरा. वृत्तान्त बहुतेक काळ्या टी-शर्टाचे. पांढऱ्याचे थोडे, आणि सोबत्याने लिहिलेला मला अजून एकही सापडलेला नाही. तो आभाराच्या ओळीत असतो, पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतल्या बायकोसारखा. वास्तविक त्या दिवशी शुद्धीवर असलेला, सगळं पाहणारा माणूस तोच.

हे मी इतक्या जोरात म्हणतोय कारण मीही तेच केलंय. टाहो किंवा नॉर्वे माझ्या आवाक्यातलं नाही; गोव्यातली अर्धी शर्यत झालीय, तिथे थंडीचा प्रश्नच नव्हता. पण मनाली-लेह सायकलने केलं तेव्हा बारालाचा ला उतरताना गारपिटीत सापडलो. नंतर त्यावर बाराशे शब्द लिहिले. खिंडीतली शांतता, स्वतःशी झालेला संवाद, सगळं त्यात आहे. लोकांना आवडलं. हेल्मेटचा पट्टा मला सोडता येईना, तो मित्राने सोडला, माझे हात स्वतःच्या काखेत धरून बसला, हे त्यात नाही.

परवा त्याला विचारलं, तेव्हा मी नेमकं काय बोलत होतो? तो म्हणाला, ‘पंप डाव्या पिशवीत आहे, असं तू तीनदा सांगितलंस. आणि पंप माझ्याकडे होता.’