‘फँड्री’तील प्रतीके आणि सामाजिक बहिष्करण : ‘नारुतो’ या जपानी ॲनिमे मालिकेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
बहिष्कृत मुलाची कथा दृश्यमाध्यमात मांडताना प्रतीकांचा आधार घेतला जातो, कारण बहिष्कार हा शब्दांपेक्षा नजरेतून आणि राखलेल्या अंतरातून अधिक व्यक्त होतो. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) हा मराठी चित्रपट आणि २००२ ते २००७ या काळात जपानमध्ये प्रसारित झालेली ‘नारुतो’ ही ॲनिमे मालिका या दोन्ही कलाकृतींत बहिष्काराची खूण एक प्राणी आहे. या साम्यातून दिसणारा भेद तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्राणी : प्रतीक की श्रम?
नारुतो या अनाथ मुलाच्या देहात, तो तान्हा असताना, गावाचा विध्वंस करणारा नऊ शेपट्यांचा कोल्हा बंदिस्त केला गेला. ही गोष्ट उच्चारण्यास गावात मनाई आहे. तरीही मोठी माणसे त्याला टाळतात आणि कारण ठाऊक नसलेली मुले त्यांच्याकडून तिरस्कार शिकतात. पूर्वग्रह एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसा झिरपतो, याचे हे मार्मिक चित्रण होय. येथे कोल्हा हे शुद्ध प्रतीक आहे.

‘फँड्री’तील डुकराचे तसे नाही. ‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीतील असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. जब्याच्या कुटुंबाला डुकरे पकडावी लागतात. गावही त्यांच्याकडून तीच अपेक्षा करते. येथे कोणतेही गुपित नाही. जब्याची जात सर्वांना ठाऊक आहे आणि त्याच्याच नावाने त्याला हिणवले जात नाही, तर त्या प्राण्याच्या नावाने हिणवले जाते. म्हणून डुकराला केवळ प्रतीक मानणारी समीक्षा त्यामागील सक्तीचे श्रम नजरेआड करते.

काळी चिमणी आणि भिंत :
चित्रपटातील खरे प्रतीक काळी चिमणी हे आहे. तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, या समजुतीने जब्या रानोमाळ भटकतो. जातीची भिंत ओलांडण्यासाठी त्याला जादूखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही, हे या शोधातून सूचित होते. चिमणी अखेरपर्यंत त्याच्या हाती लागत नाही. हाती येते ते डुक्कर.

डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या आणि त्याचे वडील कचरू स्तब्ध उभे राहतात आणि डुक्कर निसटते. राष्ट्राचा मान राखणारी ही माणसे गावाच्या लेखी मात्र करमणुकीचा विषय आहेत. पुढे पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागील भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज आणि गाडगे महाराज यांची चित्रे दिसतात. कोल्हापूरच्या वाचकाला हे दृश्य विशेष अस्वस्थ करणारे आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जब्या शाळेत जातो हे त्या परंपरेचेच फलित म्हणता येईल. परंतु त्याच शाळेतील मुले त्याची विटंबना पाहण्यास जमतात. विचार भिंतीवर पोहोचला, वर्तनात उतरला नाही, हा या चौकटीचा अन्वयार्थ होय.

निष्कर्ष :
नारुतोला त्याचे शिक्षक इरुका स्वतःची कपाळपट्टी बांधतात. कोल्ह्याच्या हल्ल्यात आईवडील गमावलेल्या माणसाने दिलेली ही मान्यता त्याच्या समावेशाचा आरंभ ठरते. ज्याचे बहिष्करण गैरसमजावर उभे आहे, त्याला ओळख मिळाली की वाट मोकळी होते. जब्याबाबत असे घडत नाही, कारण गाव त्याला ओळखूनच दूर ठेवते. गुणवत्ता सिद्ध करूनही त्याच्या वाट्याचे काम बदलत नाही. त्यामुळे त्याला कपाळपट्टी मिळत नाही, त्याच्या हाती दगड येतो. तो चिडवणाऱ्या तरुणाच्या रोखाने भिरकावलेला असला तरी पडद्यावर प्रेक्षकाच्या दिशेने येतो. जब्याची कीव करून सुटका करून घेण्याची मुभा दिग्दर्शक आपल्याला देत नाही. पाहणाऱ्यांच्या गर्दीत आपण कोठे उभे होतो, हा प्रश्न त्या दगडाने शिल्लक ठेवला आहे.