फेर मोडू नये

2019 साली लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत, ओहायो राज्यात, सहा महिने होते. बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. एका शनिवारी जावई म्हणाले, "मामी, आज बाळाला मी बघतो. तुम्ही दोघी जत्रेला जाऊन या."

जत्रा म्हणजे तिथल्या काउंटीची वार्षिक जत्रा. काउंटी हा आपल्या तालुक्यासारखा भाग. पाळणे, ट्रॅक्टर, बक्षिसाची गुरं, मक्याच्या कणसांचे ढीग... देव सोडला तर सगळं आपल्याकडच्यासारखंच. खाण्याच्या गाड्यांवर बघावं तिकडे मांस, म्हणून आम्ही डब्यात दशम्या आणि शेंगाची चटणी नेली होती. तिथं त्या दिवसांत सूर्य साडेआठाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे माझा सूर्यास्ताआधी जेवायचा नेम अगदी आरामात पाळला गेला. डबा मिटला आणि समोरच्या मंचावर दिवे लागले.

"आई, कंटाळा आला तर उठूया की," लेक म्हणाली. मी कंटाळायचीच तयारी करून बसले होते. बेळगावात माझं सगळं आयुष्य बस्तीतल्या पूजेची पदं आणि मंडळाची भजनं यांत गेलं. कानाला पेटी, तबला, झांज यांची सवय. गाणार होता निटी ग्रिटी डर्ट बँड. डर्ट म्हणजे माती. असलं नाव कोण ठेवतं, म्हणून मला हसूच आलं.

या बँडचं गाणं 'कंट्री रॉक' या प्रकारातलं. तिथल्या खेड्यापाड्यांतलं, डोंगरी मुलखातलं जुनं गाणं घ्यायचं, त्याची बँजो, मँडोलिन आणि व्हायोलिन ही वाद्यं ठेवायची, आणि सोबत विजेची गिटार नि मोठे ड्रम वाजवायचे. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच गावात काही पोरांनी हा बँड काढला. मी बघत होते तेव्हा त्याला 53 वर्षं झाली होती. पहिल्या मेळ्यातले जेफ हॅना आणि जिमी फॅडन हे दोघं त्या दिवशीही मंचावर होते.

पहिली दोन गाणी मला आवडली नाहीत. मैदानातले कर्णे इतके मोठे लावले होते की ड्रमच्या दणक्यात व्हायोलिन ऐकूच येईना. तिसऱ्या गाण्यापासून कान सरावला आणि मी एकेकाकडे बघू लागले. फॅडन ड्रम वाजवतात आणि त्याच वेळी गळ्यात अडकवलेला माऊथ ऑर्गनही वाजवतात. हातापायांत ताल, तोंडात सूर. एका हातानं पोळी लाटत दुसऱ्या हातानं तव्यावरची उलटणाऱ्या बाईला यातलं कसब लगेच कळेल. त्यांच्या चेहऱ्यावर 'बघा मी काय करतो' असा भाव कुठं नव्हता. काम चाललेलं होतं, इतकंच.

मग हॅनांनी 'मिस्टर बोजँगल्स' म्हटलं. हे गाणं जेरी जेफ वॉकर यांचं, पण घरोघरी पोचलं ते या बँडमुळे. तुरुंगात भेटलेला एक म्हातारा नाच्या, त्याचे फाटके कपडे, त्याचा मेलेला कुत्रा, एवढीच गोष्ट. 1970 साली हॅनांनी ते ध्वनिमुद्रित केलं तेव्हा ते विशीत होते. तेव्हाचं गाणं मी नंतर ऐकलं. आवाज गोड, स्वच्छ, आणि त्या म्हाताऱ्याकडे थोडं लांबून, कौतुकानं बघणारा. जत्रेतल्या मंचावर तेच गाणं सत्तरी ओलांडलेला माणूस म्हणत होता. वरचे सूर ते जपून लावत होते, ओळींच्या मध्ये श्वास जास्त घेत होते. पण आता गाणारा आणि गाण्यातला म्हातारा यांच्यात अंतर उरलं नव्हतं. काही गाणी माणसाला आधी पाठ होतात आणि कळतात फार उशिरा. आपली वैराग्याची पदं आपण परकरात असताना पाठ केली, त्यांचं कुठं काय कळत होतं?

लोकांना मात्र हवं होतं 1987 सालचं 'फिशिंग इन द डार्क'. ते सुरू होताच सगळं मैदान उठून उभं राहिलं. मी जैन बाई; मासे धरण्याच्या गाण्याला टाळ्या कशा वाजवू, म्हणून हात मांडीवर ठेवून बसले. लेक हसून म्हणाली, "अगं, मासे नुसतं निमित्त आहे. नदीकाठी रात्री दोघांना भेटायचंय." मग मी थोडा ठेका धरला. हे गाणं वेंडी वॉल्डमन या बाईंनी आणि जिम फोटोग्लो यांनी मिळून रचलेलं. हे फोटोग्लो जवळजवळ तीस वर्षांनी याच बँडमध्ये आले आणि आपल्याच गाण्याला मागे उभे राहून बेस गिटार वाजवू लागले. हॅनांच्या बाजूला गिटार घेऊन एक तरुण गात होता, तो त्यांचा मुलगा जेमी. 2018 मध्ये तो बँडमध्ये आला. बापाचा आवाज जिथं दमतो तिथं मुलगा खालून हळूच उचलून धरायचा, पण पुढं घुसायचा नाही. आणि बापही मुलाचं कडवं आलं की माईकपासून एक पाऊल मागं सरायचा. त्या संध्याकाळी मी सर्वांत जास्त बघितलं ते हे एक पाऊल.

शेवटी त्यांनी 'विल द सर्कल बी अनब्रोकन' म्हटलं. आईची शेवटची यात्रा निघाली आहे आणि मुलगा विचारतो आहे की हे वर्तुळ मोडणार तर नाही ना. आपल्या शब्दांत सांगायचं तर हादग्याचा फेर. एकीचा हात सुटला तर फेर राहील का? मैदानातली नातवंडं आणि आज्या एका सुरात गात होत्या.

घरी आल्यावर, रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसायची तेव्हा, या गाण्यामागची गोष्ट मी शोधून काढली. ती माझ्या मनातून जात नाही.

ऑगस्ट 1971 मध्ये ही लांब केसांची, कॅलिफोर्नियाची पोरं नॅशव्हिल शहरात गेली. ज्यांची गाणी ऐकून आपण शिकलो त्या जुन्या मंडळींबरोबर बसून वाजवायचं, ही त्यांची इच्छा. तो काळ व्हिएतनामच्या युद्धाचा. जुने गाणारे आणि केस वाढवलेली पोरं यांचं एकमेकांशी बोलणं मुश्किल. रॉय एकफ यांच्यासारखे बुजुर्ग आधी साशंक होते, पण आले आणि गायले. डॉक वॉटसन आले. मर्ल ट्रॅव्हिस आले. वॉटसननी आपल्या मुलाचं नाव ज्यांच्यावरून मर्ल ठेवलं होतं ते हेच ट्रॅव्हिस, आणि दोघांची पहिली भेट या खोलीत झाली. ते बोलणंसुद्धा तबकडीवर तसंच ठेवलं आहे. आणि मेबेल कार्टर आल्या. 1927 साली पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलेल्या कार्टर घराण्यातली ही बाई. अंगठ्यानं जाड तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायचा, ही तिची रीत पुढे किती गिटारवाल्यांनी उचलली. साठी ओलांडलेली ही बाई त्या पोरांत बसून गायली. 1972 मध्ये तीन तबकड्यांचा संच निघाला आणि घरात एकमेकांशी न बोलणारे बाप-लेक तो ऐकू लागले, असं सांगतात.

बिल मन्रो यांनी मात्र नकार दिला. फार मोठा कलावंत. ब्लूग्रास हा गाण्याचा प्रकारच त्यांच्या बँडच्या नावानं ओळखला जातो. पण त्या संचात ते नाहीत.

इथं मला माझं सांगायलाच हवं. मैत्रिणींनो, आमच्या मंडळात मला सगळ्या अक्का म्हणतात. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीची लेक, एकोणीस वर्षांची, दशलक्षण पर्वात गिटार घेऊन आली. जुनंच पद, चालही जुनीच, फक्त गिटारवर बसवली होती. मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "बस्तीत हे नको," म्हटलं. ती काही बोलली नाही. गिटार खोळीत घातली, आईशेजारी बसून झांज वाजवली, आणि परत कधी आली नाही. आज आमच्या मंडळात अकराजणी आहोत, आणि सर्वांत धाकटी बावन्न वर्षांची.

तोवर मी स्वतःला परंपरा राखणारी समजत होते. त्या जत्रेत कळलं की राखणं आणि अडवणं यांत फरक आहे. या बँडनं जुनं गाणं बिघडवलं असं म्हणणारे तेव्हा होते. पण मेबेलबाईंचं गाणं मी, बेळगावची बाई, ऐकलं ते या पोरांमुळे. त्यांच्या वाजवण्यात कसब आहेच, पण तेवढं कसब बऱ्याचजणांत असतं. त्यांचा मोठेपणा मला दिसला तो असा की विशीत ते बुजुर्गांकडे हात पुढं करून गेले आणि सत्तरीत तसाच हात त्यांनी पुढच्यांना दिला. दोन्ही वेळा मान थोडी वाकवावी लागते.

परत आल्यावर मी त्या मुलीला फोन केला. ती बंगळूरला नोकरीला आहे. मी चुकले म्हटलं, दशलक्षणाला ये म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अक्का, गिटार कधीच विकली की."

2024 मध्ये या बँडनं निरोपाचा दौरा सुरू केल्याचं लेकीनं कळवलं. मेबेलबाई तर 1978 मध्येच गेल्या. गाणं मात्र त्यांना वेळेवर एकमेकांच्या हाती देता आलं. आमच्या मंडळाचं काय होईल, मला माहीत नाही. मागच्या महिन्यात एकीची नात, सातवीतली, कीबोर्ड घेऊन दारात उभी होती. आत येऊ का नको, असं बघत. मी पेटी थोडी बाजूला सरकवली आणि म्हटलं, "बस की इथं."