‘ओ-थ्री काढ, क्रॅश जाईल’

सी कोड ऑप्टिमायझेशनशिवाय नीट चालतो, ओ-थ्री लावलं की सेगमेंटेशन फॉल्ट. मग सीनियर सांगतो, ‘ओ-थ्री काढ, कंपायलरचा बग असेल.’ या सल्ल्यावर माझा आक्षेप आहे. क्रॅश जातो, चूक तिथेच राहते, आणि तुमचे रिझल्ट्स त्याच कोडमधून येतात.

समजा, डेटा फाइल बफरमध्ये वाचली, 13 बाइटचा हेडर सोडला आणि पुढच्या पत्त्यालाच फ्लोट पॉइंटर ठरवलं. फ्लोटचा पत्ता 4 ने भागला जाणारच, हे कंपायलर गृहीत धरतो. एक्स86 वर साध्या इन्स्ट्रक्शन वाकडा पत्ताही चालवून घेतात, म्हणून चूक लपते. ओ-थ्रीने लूप व्हेक्टराइझ केला आणि त्यात मूव्हॲप्स आली, की तिला 16 ने भागला जाणारा पत्ताच लागतो.

वैताग असा, की लिनक्स यालाही सेगफॉल्टच म्हणतो. तुम्ही नल पॉइंटर शोधत बसता! त्यापेक्षा जीडीबीत अडलेली इन्स्ट्रक्शन बघा. ती मूव्हॲप्स असेल आणि पत्त्याचा शेवटचा हेक्स अंक 0 नसेल, तर चोर सापडला. अलाइनमेंट सॅनिटायझर लावून कंपाइल केलंत तर तो कास्टनंतरची नेमकी ओळच दाखवतो.

उपाय मेमकॉपी. ‘स्लो होईल’ म्हणू नका. 4 बाइटसाठी कंपायलर बहुतेक वेळा एकच मूव्ह काढतो.