रूढी आणि नीतीचा मापदंड

प्रत्येक समाजाची नीती त्याच्याच रूढींनी मोजावी, हे सांस्कृतिक सापेक्षतावादाचे म्हणणे वरवर उदार वाटते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी वाचताना मात्र प्रश्न पडतो : केशवपनाने विटंबिलेली विधवा त्याच समाजाची नव्हे काय? मग तिचे अश्रू प्रमाण का नसावेत?

लेखक यमुनेच्या दुःखाचे उत्तर धर्मांतरात शोधतो, तेव्हा हा मापदंड जणू ख्रिस्ती माणसाचाच ठरतो. येथे कादंबरी उणी पडते. जोतीराव फुल्यांनी ख्रिस्ती न होताही १८६३ साली पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. नैसर्गिक नीतिनियम सर्वांच्याच विवेकबुद्धीत वसतो. म्हणूनच ख्रिस्तसभेतील जातिभेदही त्याच मापाने मोजला पाहिजे. 'ही आमची रूढी' म्हणून आपलीही सुटका नाही.