शाळेतील छळ आणि दोन कादंबऱ्या

टॉमस ह्यूज हा इंग्रज लेखक व्यवसायाने बॅरिस्टर; पुढे १८८२ साली तो काउंटी कोर्टाचा न्यायाधीशही झाला. त्याची 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' (१८५७) ही कादंबरी वकिलाने हाती घेतली म्हणजे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. रग्बीच्या शाळेतील त्या कुप्रसिद्ध फ्लॅशमनवर शेवटी आरोप कोणता शाबीत झाला?

प्रसंग सर्वपरिचित आहे. घोड्यांच्या शर्यतीच्या सोडतीत टॉमला नामांकित घोड्याची चिठ्ठी लाभते. ती तो विकावयास तयार होत नाही, म्हणून फ्लॅशमन व त्याचे साथीदार त्याला पेटत्या शेगडीसमोर धरून भाजतात. टॉम बेशुद्ध पडतो. पण कोणाचे नाव घेत नाही. पुढे तो आणि ईस्ट दोघे मिळून फ्लॅशमनला लोळवितात. हेडमास्तर डॉ. आर्नोल्ड फ्लॅशमनला शाळेतून काढतात खरे. परंतु ते दारू पिऊन झिंगल्याबद्दल! भाजल्याचा आरोप कधी दाखलच होत नाही.

हा योगायोग नव्हे. ब्रूक हा वसतिगृहातील आदर्श विद्यार्थी भर सभेत छळाचा निषेध करतो, आणि त्याच भाषणात वरच्या वर्गातील मुलांनी मध्ये पडू नये, नाहीतर लहान मुले रडत चहाड्या सांगत येतील, असेही बजावतो. मौन हाच जेथे सद्गुण ठरला, तेथे साक्षीदार आणावयाचा कोठून? आपल्या भाषेतही मुलाच्या तोंडच्या गाऱ्हाण्याला चहाडी किंवा चुगली म्हणण्याची आपल्याला केवढी सवय! तक्रार आणि फिर्याद हे शब्द आपण थोरांसाठी राखून ठेवले आहेत.

ह्यूजच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने एका मित्राचे पत्र छापले आहे. ज्याच्या ठायी नैतिक धैर्य आहे पण अंगची रग नाही, अशा मुलाच्या मज्जातंतूंना एका रात्रीच्या छळाने जन्माची इजा होऊ शकते, असे तो मित्र सांगतो. कादंबरीला न सुचलेले हे शहाणपण प्रस्तावनेत येऊन बसले आहे.

रॉबर्ट म्यूझिलच्या १९०६ सालच्या टॉरलेस या विद्यार्थ्याच्या कादंबरीत हाच खटला उलट्या दिशेने चालतो. ऑस्ट्रियातील निवासी शाळेत बासीनी नावाचा मुलगा पैसे चोरतो. राइटिंग व बाइनेबर्ग हे ते गुपित हाती धरून त्याला माळ्यावर नेऊन छळतात आणि शेवटी सबंध वर्गाच्या तोंडी देतात. चौकशी होते तेव्हा मुलांनी जबानी आधीच घोकून ठेवलेली असते : आम्ही त्याला सुधारू पाहत होतो! शाळेतून काढला जातो तो बासीनी. मला म्यूझिल ह्यूजहून थोर कलावंत वाटतो; तथापि त्याचे सारे कुतूहल टॉरलेसच्या मनाच्या गुंतागुंतीपाशी खिळलेले आहे. छळणाऱ्या मुलांप्रमाणे लेखकानेही बासीनीला प्रयोगाची वस्तू केले, हा आक्षेप मला सोडवत नाही.

आपल्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ च्या मार्चमध्ये संलग्न शाळांना छळप्रतिबंधक समिती नेमण्यास सांगितले. तीत शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालक यांच्याबरोबर कायद्याच्या जाणकारालाही स्थान आहे. (आमच्या व्यवसायबंधूंनी तेथे उलटतपासणीची हौस भागवू नये म्हणजे झाले!) छळ हाच स्वतंत्र अपराध म्हणून नोंदला गेला, ही रग्बीच्या मानाने मोठी मजल होय. परंतु बासीनीच्या शाळेतही चौकशी झालीच होती. तेथे मुलांच्या एकसुरी जबानीचा शिक्षकांना संशय आला नाही, प्रत्येकाला वेगळे बसवून विचारावे असे सुचले नाही, आणि ज्याने चोरी केली त्याच्यावरही अन्याय होऊ शकतो हे ध्यानी आले नाही. समितीच्या सभासदांनी नियमांच्या जोडीला हे प्रकरण वाचावे.

विशेषतः टॉरलेसचे वाचावे. त्याने सर्व पाहिले आहे. त्याचे स्वतःचे हातही स्वच्छ नाहीत. बासीनीला तो चिठ्ठीने सावध करतो, तू आपण होऊन कबुली दे असा सल्ला देतो. पण शिक्षकांपुढे उभा राहिल्यावर आपल्या आत्म्याच्या गूढ अनुभवांविषयी बोलत सुटतो. शिक्षकांना त्यातले काहीच उमगत नाही. मुलगा फार हळवा आहे, असा निष्कर्ष काढून ते त्याला घरी पाठविण्याचे ठरवितात. आई त्याला न्यावयास येते, आणि कादंबरी त्या दोघांबरोबर गाडीत बसून निघून जाते. बासीनीचे पुढे काय झाले, हे तीत कोणी विचारीत नाही.