दावीदच्या हाती बेचकी

बालवाङ्मयाच्या परीक्षणात रंगवायच्या गोष्टींच्या पुस्तकांना सहसा स्थान मिळत नाही. कथासंग्रह, बालकविता, फार तर एखादे बालनाट्य यांची दखल घेतली जाते. वर बाह्यरेषांचे चित्र, खाली गोष्टीची दोन-चार वाक्ये आणि मध्ये दोन पिना, एवढेच ज्याचे रूप, त्या पुस्तकाला आपण खेळण्यांच्या वर्गात टाकून मोकळे होतो. वास्तविक आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ मुलांच्या हाती बायबलमधील गोष्ट प्रथम पडते ती याच रूपाने. मोठा वाचक चित्रावरून नजर फिरवून पुढे जातो. रंगविणारे मूल मात्र एकेका पानापाशी अर्धा-अर्धा तास बसते. वहाणेचा बंद कोठून निघाला आणि कोठे गेला, हे त्याला खडूच्या टोकाने शोधावे लागते. इतके सूक्ष्म वाचन आपल्या किती पुस्तकांच्या वाट्याला येते?

दावीद आणि गल्याथ यांची कथा या प्रकारातील बहुतेक प्रकाशकांची आवडती आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी घेतलेली वा घ्यावयाची अशी या कथेची काही पुस्तके नुकतीच माझ्यासमोर आली. त्यांतील काही छापील होती, काही छायाप्रतींवरून काढलेल्या छायाप्रती. निम्म्याहून अधिक पुस्तकांत दावीदच्या हातात बेचकी आहे. दोन फाट्यांची काटकी आणि तिला ताणलेले रबर! परदेशी चित्रकाराचा एक वेळ असा घोटाळा होईल, पण मराठी पुस्तकात तो व्हावा याचे नवल वाटते. कारण त्या शस्त्राला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, आणि तो मराठी बायबलमध्ये आहेही: गोफण. ज्वारीच्या कणसांवर उतरणारी पाखरे उडविण्यासाठी मचाणावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार आपल्या शेतकऱ्यांना परका नाही. रबराला टिकाऊ ताण देण्याची कृती चार्ल्स गुडइयर यांना सापडली १८३९ साली. दावीद त्यापूर्वी सुमारे अठ्ठावीसशे वर्षे होऊन गेला. पानावरचा मजकूर 'गोफण' म्हणतो आणि चित्र 'बेचकी' म्हणते, तेव्हा मूल कोणावर विश्वास ठेवते? अर्थात चित्रावर. चित्र त्याने स्वतःच्या हाताने रंगविलेले असते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय चित्रकाराच्या सोयीचा आहे. इतका तपशील बायबलमधील फार थोड्या प्रसंगांना लाभला आहे. गल्याथाचे पितळी शिरस्त्राण, खवल्यांचे चिलखत, पायांवरील पितळी कवच, विणकराच्या तुरीसारखा जाड भाल्याचा दांडा आणि पुढे चालणारा ढालवाहक, सारे तेथे सांगितले आहे. दावीदकडे काठी, मेंढपाळाची झोळी, ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे आणि गोफण. मध्ये एक प्रसंग आहे: शौल राजा आपले शिरस्त्राण व चिलखत दावीदला चढवितो, दावीदला त्यात चालता येत नाही, आणि तो ते उतरवून ठेवतो. माझ्या मते सगळ्या कथेचा कणा या उतरवून ठेवण्यात आहे. एका पुस्तकात नेमका हाच प्रसंग सुरेख काढलेला असून पान उलटताच दावीद पुन्हा चिलखतात उभा! चित्रकाराने दोन्ही पाने स्वतंत्रपणे बरी काढली आहेत, परंतु त्यांच्यामधून गोष्ट निसटून गेली आहे.

अशा पुस्तकात दोन प्रकारची निष्ठा पाहावी लागते. पहिली चित्राची मजकुराशी. दुसरी चित्राची मागील चित्राशी. पहिलीकडे संपादकाचे लक्ष थोडेफार असते, दुसरीकडे जवळजवळ कोणाचेच नसते. चौथ्या पानावर कुरळ्या केसांचा असलेला दावीद सहाव्या पानावर सरळ केसांचा होतो आणि तीन वर्षांनी मोठाही दिसतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका लहान मुलीने असे पान पुढे करून विचारले होते, "फादर, हा दुसरा मुलगा कोण?" तिने चित्र अचूक वाचले होते. पुस्तकात जो नवा मुलगा आला होता, त्याची ओळख तिला कोणी करून दिली नव्हती, इतकेच. सगळीच मुले विचारीत नाहीत. बरीच मुले आपल्यालाच समजले नाही असे मानून गप्प बसतात, आणि मला या प्रकारातील खरी हानी तेथे दिसते. एरवी जे मूल आईला दहा प्रश्न विचारते, ते छापील पानापुढे स्वतःला चुकीचे ठरविते.

गल्याथाच्या उंचीचेही तसेच. प्रचलित हिब्रू पाठाप्रमाणे तो सहा हात आणि एक वीत, म्हणजे साडेनऊ फुटांच्या आसपास. प्राचीन ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या एका गुंडाळीत ती उंची चार हात आणि एक वीत, म्हणजे सुमारे साडेसहा फूट दिली आहे. चित्रकाराने यांपैकी कोणता गल्याथ घ्यावा याबद्दल मी वाद घालणार नाही. परंतु एकदा घेतला की तो शेवटपर्यंत तेवढाच राहावा. एका पुस्तकात तो आरंभी दावीदच्या दुप्पट आहे, पडताना मात्र गावच्या पैलवानाएवढाच उरला आहे. बहुधा आडव्या पानात मावेना म्हणून!

हे सातत्य साधता येते याची उदाहरणे जुनी आहेत. १८७९ साली लंडनच्या कॅसल प्रकाशनाने केट ग्रीनअवे यांच्या बाह्यरेषाचित्रांचे, सोबत कथा व पद्ये असलेले, जलरंगांनी रंगवायचे पुस्तक काढले. आपल्या आजच्या रंगवायच्या गोष्टींच्या पुस्तकांचे ते पूर्वज म्हणता येईल. पण याहून अधिक शिकण्यासारखे आहे ते बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांच्या पीटर नावाच्या सशाच्या गोष्टीत. हे पुस्तक १९०२ साली प्रसिद्ध झाले. पीटरच्या अंगात पितळी गुंड्यांचा नवा निळा कोट असतो. बागेत पळताना त्याचा एक बूट कोबीत राहतो, दुसरा बटाट्यांत. मग गुंड्या जाळ्यात अडकतात आणि कोटही मागे राहतो. त्यानंतर पळून घरी पोहोचेपर्यंत कोणत्याही चित्रात पीटरच्या अंगावर कोट नाही की पायांत बूट नाही, आणि माळ्याने बुजगावण्यावर टांगलेला दिसतो तो तोच कोट. पॉटर यांनी १९११ साली पीटरचे रंगवायचे पुस्तकही काढले. ही गोष्ट खडूने रंगविणाऱ्या मुलाची कल्पना करावी. पान उलटते आणि हातातला निळा खडू खाली ठेवावा लागतो. हरवणे म्हणजे काय, हे त्याच्या हाताला कळते. एका विसराळू चित्रकाराने मधल्या पानावर कोट परत चढविला असता, तर हे सारे वाया गेले असते.

आज या प्रश्नाला नवी धार आली आहे. शब्द सांगितले की संगणक चित्र काढून देतो, आणि अशा चित्रांची पुस्तके भराभर बाजारात येत आहेत. वर्गासाठी ती फुकट छापून घेणारे शिक्षकही आहेत. यंत्राचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. सहा बोटांचे हात पूर्वी जितके दिसत, तितके आता दिसत नाहीत. परंतु दर पानाचे चित्र वेगळे मागितले की दर पानाचा दावीदही वेगळा येण्याचा धोका असतो. हाताने काढणारा चित्रकार निदान मागचे पान समोर ठेवतो. येथे ते काम तपासणाऱ्याला करावे लागते, आणि तपासणारा पुष्कळदा नसतोच.

तपासणी पान-पान पाहून होत नाही, असा माझा अनुभव आहे. सर्व पाने सुटी करून जमिनीवर ओळीने मांडावीत आणि एका फेरीत एकच वस्तू पाहावी. एकदा फक्त चेहरे. एकदा फक्त झोळी: ती डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेली का? एकदा हात आणि हातांतील वस्तू. मग एकाने मजकूर मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने चित्रावर बोट ठेवावे. रेषेची परीक्षा वेगळी. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी जाड रेषा व मोठे भाग हवेत. खवल्यांच्या चिलखतातील शेकडो चिमुकले खवले त्याला रडकुंडीला आणतात. प्रत्येक आकार बंदच असला पाहिजे असा काहींचा आग्रह असतो, तो मला पटत नाही. डोंगराची रेषा आकाशात विरली तर बिघडत नाही. हाताची रेषा काठीत विरली तर बिघडते, कारण तेथे मुलाला अवयव कळत नाही. छायाप्रतीवरून छायाप्रत काढीत गेल्यास रेषा फुगतात, डोळे काळ्या ठिपक्यांत बुडतात, आणि दावीदचा धीट चेहरा रागीट होतो. कागद पातळ असून दोन्ही बाजूंना चित्रे छापली असतील, तर स्केचपेनची शाई पलीकडे उतरून पुढचे पान आधीच नासते.

अशी पुस्तके मुळात असावीतच का, असा आक्षेप कलाशिक्षणाच्या क्षेत्रात जुना आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या ग्रंथात रंगवायच्या पुस्तकांना कडाडून विरोध केला. तयार रेषा भरणारे मूल स्वतःच्या रेषेवरचा विश्वास गमावते, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य आहे, आणि कोऱ्या कागदाला हे पुस्तक पर्याय होऊ नये हे मलाही मान्य आहे. पण रेषा तयार असली तरी रंग मुलाचा असतो. अमेरिकेतील क्रेयोला खडूंच्या पेटीत एका फिकट गुलाबी खडूचे नाव 'कातडीचा रंग' अशा अर्थाचे होते. १९६२ साली ते बदलून 'पीच' करण्यात आले. आपल्या मुलांनी दावीदला स्वतःच्या वर्णाचा रंगविला, तर त्यांना कोणी अडवू नये. बायबलमध्ये तो तांबूस वर्णाचा आहे, तेवढे सांगावे आणि खडू त्यांच्या हाती सोडावा.

शेवटच्या पानाचा प्रश्न मात्र कोणत्याच पुस्तकाला नीट सुटलेला नाही. मूळ कथेत गल्याथ पालथा पडतो. बहुतेक चित्रांत तो उताणा आहे. त्यानंतर दावीद गल्याथाचीच तलवार उपसून त्याचा शिरच्छेद करतो. लहान मुलांसाठी हे गाळणे समजण्यासारखे आहे. पण गाळल्यावरही तीन पुस्तकांत अखेरच्या चित्रात दावीदच्या हाती एक लांब तलवार आहे, आणि ती कोठून आली याचा मजकुरात उल्लेख नाही. एका पुस्तकाने तलवार काढलीच नाही. तेथे दावीद उभा आहे, गोफण हातातून लोंबते आहे, आणि ओढ्याच्या काठावर झोळीतून सांडलेले गोटे पडले आहेत. मी मोजले, ते चार आहेत.