उपमा आणि उपमान : फ्लॉइड कार्डोझ यांच्या कारकिर्दीविषयी

आत येताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, आज प्रमाणशास्त्र सोडून एकदम स्वयंपाकघरात?" सोडलेलं नाही. उपमान या प्रमाणावरच बोलायचं आहे. उदाहरण फक्त न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरातलं आहे.

फ्लॉइड कार्डोझ यांचा जन्म १९६० चा, मुंबईचा, घराणं गोव्याचं. आधी जीवरसायनशास्त्राची पदवी घेतली, मग हॉटेलच्या शिक्षणाकडे वळले. स्वित्झर्लंडला शिकले, न्यूयॉर्कला गेले, आणि 'लेस्पिनास' या बड्या रेस्टॉरंटात ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली तयार झाले. १९९८ मध्ये डॅनी मेयर यांच्याबरोबर त्यांनी मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोर 'तबला' उघडलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या रूथ रायशल यांनी त्याला चारपैकी तीन तारे दिले. त्या काळी तिथे भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातली करी, अशीच समजूत होती. त्यामुळे हे तीन तारे मोठेच. बारा वर्षं चालून २०१० च्या अखेरीस 'तबला' बंद झालं.

मी तिथे जेवलेलो नाही, तेव्हा चवीचा निवाडा करणार नाही. मी बोलणार आहे नावांबद्दल. माझ्या मते या माणसाची सगळी कारकीर्द म्हणजे पदार्थाला काय म्हणायचं याचा झगडा आहे.

२००६ मध्ये त्यांचं पहिलं पाककृतींचं पुस्तक आलं. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ असा : अन्न अमेरिकन, स्वाद भारतीय. इथे माझ्यातला जुना मास्तर अडतो. वैशेषिक म्हणतात, गुण द्रव्यावाचून राहत नाही. स्वाद हा गुण आहे. तो माशाच्या कालवणातून, आमटीतून, सांबारातून सुटा करून दुसऱ्याच्या ताटावर भुरभुरता येतो का? येतो, नाही असं नाही. पण मग खाणाऱ्याला कळतं ते 'तिखट', 'सुवासिक' एवढंच. कालवण त्याला कळलेलं नसतं. 'तबला'च्या यशातली माझ्या दृष्टीने उणी बाजू ही. आणि नावही पाहा, वाद्याचं! पदार्थाचं नाव दारावर लावायचा धीर अजून व्हायचा होता.

तो झाला २०११ मध्ये, तोही टीव्हीवर. 'टॉप शेफ मास्टर्स' या स्पर्धेच्या अंतिम फेरीत खाण्याच्या पहिल्या आठवणीवरून एक पदार्थ करायचा होता. कार्डोझ यांनी केला उपमा! रानातली अळंबी, नारळाचं दूध आणि कोकम घालून. पुढे पोह्यांचं आवरण दिलेला मासाही केला. जिंकले. पण त्या उपम्याचं नाव सांगितलं गेलं 'उपमा पोलेंटा'.

आपल्याकडे यावर दोन प्रतिक्रिया येतात. एक, "बघा, आमचा उपमा जिंकला." दुसरी, "पोलेंटा कशाला म्हणायचं? लाज वाटते का?" मला दोन्ही घाईच्या वाटतात.

न्यायदर्शनातलं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. शहरातल्या माणसाने गवय पाहिलेला नाही. अरण्यात राहणारा त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे हा माणूस रानात जातो, गाईसारखं जनावर पाहतो, ऐकलेलं वाक्य आठवतं, आणि त्याला कळतं, यालाच गवय म्हणतात. या ज्ञानाचं फळ काय? साम्य कळणं नव्हे. नाव आणि वस्तू यांचा संबंध कळणं. साम्य ही वाटेतली पायरी. पोलेंटा मक्याचा, उपमा रव्याचा. दोन्ही भरड धान्य शिजवून केलेले, म्हणजे साम्य खरं आहे, ओढूनताणून आणलेलं नाही. आणि 'उपमा' हे नाव गाळलेलं नाही, ते आधी आलं आहे. म्हणून हे उपमान मला निर्दोष वाटतं. (ऐकायला गंमत वाटते, पण खायच्या उपम्याचा काव्यातल्या उपमेशी काही संबंध नाही. तो शब्द दक्षिणेकडचा, मीठ आणि पीठ यांच्यापासून झालेला. आपलं उप्पीट कानडीतून आलं, त्यातही तेच दोघे.)

दोष दिसतो तो पुढे. २०१६ मध्ये त्यांनी सोहो भागात 'पाववाला' उघडलं. हा शब्द वांद्र्याच्या गल्लीत वाढलेल्याने ऐकला, की त्याला सकाळची सायकल दिसते. गोव्यातला माणूस पोदेराचा भोंपू ऐकतो. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला काय ऐकू येणार? गवय हे नाव दिलं, पण गाय सांगितलीच नाही. दोन वर्षांत नाव बदलून 'बॉम्बे ब्रेड बार' झालं, म्हणजे पाव जाऊन ब्रेड आला. इथे नुसती गाय उरली. २०१९ मध्ये तेही बंद झालं. रेस्टॉरंट नावामुळे बुडतं असं मी म्हणत नाही. भाडं, पगार, शेजारपाजार, शंभर कारणं असतात. पण ही माघार मला चटका लावून जाते. आणि पाव तरी आपला कुठे? शब्द पोर्तुगीज. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो न बदलता आपल्या गळी उतरवलाच ना!

आता मीमांसकांकडे येऊ. ते म्हणतात, उपमानाचं काम उलट दिशेने चालतं. रानात गवय पाहिल्यावर माणसाला घरी राहिलेल्या गाईबद्दल नवं कळतं : माझी गाय या जनावरासारखी आहे. म्हणजे ज्ञान घरचं होतं, परक्या जागी उभं राहून.

२०१५ मध्ये लोअर परळला कमला मिल्सच्या आवारात 'द बॉम्बे कँटीन' सुरू झालं, त्यात कार्डोझ भागीदार होते. मग २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात गोव्याच्या जेवणाचं 'ओ पेद्रो'. न्यूयॉर्कमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेला माणूस इथे येऊन तरुण आचाऱ्यांना सांगत होता, की आपल्या भाज्या, आपली धान्यं, आपल्या गावोगावच्या चवी पाहा. मुंबईच्या महाग हॉटेलांत यांना तोवर फारशी जागा नव्हती. हे काम मी त्यांच्या तीन ताऱ्यांपेक्षा वर ठेवतो.

पण एक कुसळ सलतं, तेही सांगतो. कँटीन हा गिरणीतला शब्द. पाळी संपवून आलेला कामगार स्वस्तात पोट भरायचा ती जागा. त्याच परळात, गिरणीच्याच आवारात, टेबल राखून ठेवायला लागतं अशा जागेला ते नाव देणं, यात साम्य कुठलं? पोलेंट्याच्या वेळी साम्य खरं होतं. इथे नाव तेवढं आलं, वस्तू नाही आली. कार्डोझ यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण कान आहेत म्हणून खटकतं.

मार्च २०२० मध्ये ते मुंबईत होते. भायखळ्याचं 'बॉम्बे स्वीट शॉप' त्याच महिन्यातलं. परतल्यावर आजारी पडले आणि २५ मार्चला न्यू जर्सीत कोविडने गेले, वय ५९. इथे टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता.

मघाशी दारात अडवणारे गृहस्थ हात वर करतायत. विचारा.